वाटाड्यांच्या देशात सहा दिवस

नाना गेले तेव्हा माझी लेक चौथीत होती. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. पाऊण तास उलटला. ज्यानं त्यानं आपल्या परीनं सांगून पाहिलं, बांधाचा वाद मिटवू, धाकट्याचं शिक्षण पुरं करू. गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा आई पुढे झाली. "तुमची पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत," एवढंच म्हणाली, आणि वडावरचा कावळा खाली उतरला. घरी परतताना लेकीनं विचारलं, "कावळ्यानं आजोबांना कुठपर्यंत सोडलं असेल?"

त्या प्रश्नातून तिची वही सुरू झाली. दोनशे पानी, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात 'वाटाडे'. तिच्या जगात एका काळ्या नदीच्या काठी वाटाड्यांचं गाव आहे. कुणी गेलं की त्या गावातून एक जण निघतो आणि त्या जिवाला पलीकडे पोचवून परत येतो. कावळे आहेत, एक म्हातारी गाय आहे, एक चार डोळ्यांचा कुत्रा आहे. कुत्रा मी दिलेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या यमसूक्तात यमाचे दोन कुत्रे येतात, 'चतुरक्षौ पथिरक्षी', चार डोळ्यांचे, वाट राखणारे. पारशांच्या सगदीदच्या विधीतही मृतदेहाजवळ चार डोळ्यांचा कुत्रा आणतात, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला. हे ऐकल्यापासून ती गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या भुवया निरखायची.

वाटाडे जमले, पण वाट कोरीच राहिली. "वाटेत काय काय लागतं ते कुणी लिहून ठेवलंय का गं?" लिहून ठेवलंय. तासातासाचा हिशेब मांडून, भिंतींवर चितारून ठेवलंय. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत आई, मी आणि लेक अशा तिघी इजिप्तला जाऊन आलो.

पहिला दिवस : गिझा

पहाटे कैरोला उतरलो, सामान टाकलं आणि थेट पिरॅमिडजवळचं नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम गाठलं. दारातच रामसेस दुसऱ्याचा ८३ टनांचा पुतळा उभा आहे. तो बघायला गर्दी होती, आम्ही मात्र सरळ तुतनखामुनच्या दालनाकडे गेलो. लेकीला एकच गोष्ट बघायची होती.

ती म्हणजे लाकडी पेटीवर बसलेला काळा अनुबिस, कोल्ह्याच्या रूपातला मृतांचा देव. पुढचे पाय लांब पसरलेले, कान ताठ, कानांच्या कडांना सोनं, नख्या चांदीच्या. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामुनची कबर सापडली. तिच्यात आतल्या खजिन्याच्या खोलीच्या तोंडाशी हा बसलेला होता, अंगावर लिननचं वस्त्र पांघरून. तीन हजारांहून जास्त वर्षं अंधारात, दाराकडे तोंड करून.

लेक काचेपाशी बराच वेळ उकिडवी बसून होती, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग म्हणाली, "हा भुंकत नाहीये. वाट बघतोय." वहीत तिनं तेवढंच लिहिलं.

आईनं विचारलं, "कोल्हा तर करडा असतो, मग हा काळा का?" नाईलच्या पुराचा गाळ काळा. त्या गाळामुळेच पीक येतं, म्हणून देशाचंच जुनं नाव केमेत, काळी भूमी. काळा हा पुन्हा उगवण्याचा रंग. आईला एवढं पुरलं. आमचीही जमीन काळीच.

संध्याकाळी कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोची आंबट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. शाकाहारी माणसाचं इजिप्तमध्ये अजिबात अडत नाही. बाकल्याच्या शेंगांतल्या दाण्यांचे हिरवेगार वडे मिळतात, त्यांना तामिया म्हणतात. तेच दाणे रात्रभर शिजवून केलेलं फूल सकाळी भाकरीशी खातात. भाकरीला शब्द आहे 'ऐश', आणि त्याच शब्दाचा अर्थ जगणं. हे कळल्यावर आईनं प्रत्येक जेवणाला ऐश मागताना तो शब्द फार जपून उच्चारला.

दुसरा दिवस : लक्झर, नदीपार

रात्रीची गाडी तीन तास उशिरा पोचली. एवढं सोडलं तर प्रवास सुखाचा झाला. कुणी जाणार असेल तर लक्झरला पोचायच्या दिवशी सकाळचं काहीच ठरवू नका.

लक्झर शहर नाईलच्या पूर्वेला आहे. मोठा बाजार आणि बहुतेक वस्ती त्या काठाला. थडगी पश्चिमेला, जिथे सूर्य बुडतो. मेलेल्या माणसांना जुने इजिप्शियन 'पश्चिमेकडचे' म्हणायचे. म्हणजे इथे प्रत्येकाच्या शेवटच्या प्रवासात ही नदी ओलांडणं आलंच. आईनं हे ऐकलं आणि हळूच म्हणाली, "वैतरणी."

सरकारी फेरी स्वस्त आणि सोयीची आहे, पण आम्ही मुद्दाम शिडाची होडी घेतली. नावाडी साठीचा असेल. निळा गलाबिया म्हणजे पायघोळ अंगरखा, डोक्याला पांढरं फडकं, तळवे झाडाच्या सालीसारखे. वारा पडला होता, त्यामुळे होडी रेंगाळत चालली, आणि मला लेकीला नावाड्याची गोष्ट सांगायला वेळ मिळाला.

पिरॅमिडांच्या भिंतींवरच्या मंत्रांमध्ये एक नावाडी येतो. त्याचं तोंड मागे फिरलेलं असतं. तो झोपलेला असतो आणि त्याला हाका मारून उठवावं लागतं. पुढे मृतांसोबत पपायरसवर जे मंत्र लिहून देत, त्यांतल्या ९९व्या मंत्रात तर नावेचा एकेक भागच बोलतो. डोलकाठी म्हणते माझं नाव सांग, सुकाणू म्हणतं माझं नाव सांग, नाव बांधायचा खुंटसुद्धा विचारतो. सगळी नावं आली तरच पलीकडे जाता येतं.

लेक उठून उभीच राहिली. डोलकाठीवर हात ठेवून तिनं नावाड्याकडे बघितलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो म्हणाला, "सारी." तिनं सुकाण्याकडे बोट केलं. "दफ्फा." सगळी होडी मिळून "मर्किब". आईचं माहेर नरसोबावाडीजवळचं, नदीकाठचं. ती मागून मराठी नावं घालत गेली, डोलकाठी, सुकाणू, वल्हं, नाळ. नावाड्यानं "वल्हं" दोनदा म्हणून पाहिलं. दोन भाषांमधली ती यादी वहीच्या एका अख्ख्या पानावर आहे आणि त्या पानाला नाईलचं पाणी लागलेलं आहे.

तिसरा दिवस : राजांची दरी

सकाळी सहाला दरीच्या फाटकाशी होतो. डिसेंबरात पहाटे शाल लागते आणि दहानंतर ऊन चटके देतं. साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, काही प्रसिद्ध थडग्यांना वेगळं तिकीट आहे. खिडकीवर कार्ड जवळ ठेवा, रोख रकमेवर विसंबू नका. मोबाईलवर फोटो काढता येतात, फ्लॅश चालत नाही. आणि आमचं ऐकाल तर तीनपैकी एक थुतमोस तिसऱ्याचंच निवडा.

ते दरीच्या अगदी टोकाला, कड्याच्या कपारीत उंचावर आहे. आधी लोखंडी जिना चढायचा, मग तेवढंच आत खोल उतरायचं. आईचे गुडघे बघून ती खालीच सावलीत बसली. आत हवा कोंदट आणि दमट. राखणदार पुठ्ठ्याचा पंखा हातात देतो, तो घ्यावा आणि निघताना त्याला चार पैसे द्यावेत.

खालची खोली लांबट अंडाकृती आहे, राजाचं नाव ज्या चौकटीत लिहितात त्या आकाराची. भिंती पिवळसर, जुन्या पपायरससारख्या, आणि त्यांवर काळ्या-लाल रेषांनी काढलेली माणसं. काडीचे हात, काडीचे पाय. राजाच्या थडग्यात मी सोन्याची, भरगच्च रंगांची चित्रं असतील असं धरून चालले होते. ही तर वहीतली चित्रं होती. लेकीनं माझा हात घट्ट धरला. "आई, हे माझ्यासारखं काढलंय."

ही चित्रं म्हणजे आमदुआत, 'पाताळात जे आहे ते'. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतचे रात्रीचे बारा तास. सूर्यदेव नावेत बसून पाताळातून जातो आणि मेलेला राजा त्याच्यासोबत जातो. नावेत नाळेवर सगळ्यांत पुढे कोण उभा आहे ते आम्ही शोधलं. वेपवावेत. कोल्ह्याच्या रूपाचाच देव आणि नावाचा अर्थ 'वाटा उघडणारा'.

चौथ्या तासाशी आम्ही सगळ्यांत जास्त थांबलो. तिथे पाणी संपतं आणि वाळू लागते. वाट चित्रपट्टीला तिरकी कापत, नागमोडी खाली उतरते, मधेमधे दारं. वाळूत नाव चालणार कशी, म्हणून नावच साप होते. दोन्ही टोकांना सापाची तोंडं आणि त्या तोंडातल्या ज्वाळेनं अंधारात वाट दिसते. सहाव्या तासाला मध्यरात्र, तिथे सूर्य मृतांचा राजा असलेल्या ओसिरिस देवाच्या देहाला भेटतो आणि त्याच्यात पुन्हा जीव येऊ लागतो. सातव्यात अपोफिस नावाचा प्रचंड सर्प आडवा येतो. बाराव्यात तर सगळी नाव एका सापाच्या पोटातून ओढून नेतात, शेपटीकडून तोंडाकडे. आत जाताना सगळे म्हातारे असतात आणि बाहेर येतात ते तान्ही बाळं होऊन.

एका खांबावर एक झाड आहे. झाडाला स्तन आहे, हात आहे, आणि ते राजाला पाजतंय. शेजारी लिहिलंय की त्याची आई इसिस त्याला दूध देते. इसिस हे देवीचं नाव, आणि या राजाच्या सख्ख्या आईचंही. पराक्रमी राजा, पण वाटेवर त्यालाही आई हवी होती.

बाहेर आलो तेव्हा आई दोन राखणदारांच्या मध्ये बसून पुदिन्याचा चहा पीत होती. लेकीनं तिला बाराही तास हातवारे करून सांगितले. बाराव्याला आईनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "म्हणजे नाना आता लहान झाले असतील."

चौथा दिवस : देर अल-मदिना

राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर ज्या गावात राहायचे ते हे गाव. दगडी पायांच्या रांगा अजून दिसतात. इथल्या सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये न लुटलेलं, जसंच्या तसं सापडलं. अरुंद पायऱ्या उतरून वाकून आत शिरायचं. खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी, छत कमानीचं, आणि रंग काल सुकल्यासारखे ताजे. इथे आईलाही उतरता आलं.

समोरच्या भिंतीवर अनुबिस. सिंहाच्या पायांच्या खाटेवर सेन्नेजेमचा बांधलेला देह आणि त्याच्यावर ओणवा झालेला तो. दोन्ही हात देहावर ठेवलेले. मी हे चित्र छापलेलं अनेकदा बघितलं होतं, पण हातांची ठेवण तिथे उभं राहिल्यावरच दिसली. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसे ते आहेत. आईनं ओळखलं. "शेवटच्या रात्री मी नानांजवळ अशीच बसले होते," म्हणाली. राखणदारानं आम्हाला घाई केली नाही.

दुसऱ्या भिंतीवर इआरूचं शेत, पलीकडचं जग. तिथे सेन्नेजेम आणि त्याची बायको पांढरी शुभ्र वस्त्रं नेसून नांगर धरतायत, गहू कापतायत. खाली कालवा, काठाला खजुराची झाडं. नाना शिक्षक होते, पण निवृत्तीनंतर सगळा जीव शेतात. आई त्या नांगरापाशी थांबून म्हणाली, "मग त्यांना करमेल."

शेजारीच टॉलेमी या ग्रीक राजांच्या काळातलं हथोर देवीचं छोटं देऊळ आहे. बहुतेक लोक ते टाळून पुढे जातात, तुम्ही टाळू नका. आतल्या एका गाभाऱ्यात हृदयाचा तराजू कोरलेला आहे. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याचं पीस, वर ओळीनं बसलेले ४२ न्यायाधीश. हृदय जड निघालं तर गिळायला मगरीच्या तोंडाची अम्मित टपलेली. मृताच्या छातीवर दगडी भुंगा ठेवायचे आणि त्यावर हृदयालाच विनवणी कोरायचे, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. तराजूपाशीही अनुबिसच असतो. वाटेवरून आणणारा आणि तोल बघणारा एकच, हे लेकीला फार पटलं नाही. तिच्या जगात वाटाडा न्याय करत नाही, तो फक्त सोबत करतो. यावर आमची परतीच्या वाटेवर बरीच चर्चा झाली. मला तिचंच म्हणणं बरोबर वाटतं.

त्या दिवशी गुरुवार होता. कुर्ना गावाजवळच्या दफनभूमीपाशी बायका-मुलं जमलेली दिसली. आम्ही दुरून बघत होतो, तर आईच्याच वयाची एक बाई टोपली घेऊन आमच्याकडे आली आणि आईच्या हातात एक गोलसर गोड पाव ठेवला. आई मागे सरली, पैसे देऊ लागली. बाईनं आईची मूठ मिटवली आणि म्हणाली, "रहमा." ड्रायव्हरनं समजावलं की गेलेल्या माणसाच्या नावानं कबरीपाशी असे पाव वाटतात. पोराबाळांना, गोरगरिबांना, वाटसरूला. त्यांनाही नाव 'रहमा', दया. घेणाऱ्यानं नको म्हणायचं नसतं, खायचं असतं.

आईनं पावाचे तीन तुकडे केले. चौथा छोटा तुकडा तिनं दगडावर ठेवला. ती बाई ते बघत होती. तिनं काही विचारलं नाही, टोपलीतून अजून एक पाव काढून त्या दगडावर ठेवला. मग दोघी एकमेकींचे हात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. एक अरबीत बोलत होती, एक मराठीत.

पाचवा दिवस : अबिडोस

लक्झरपासून अबिडोस गाडीनं सुमारे तीन तास. पहाटेच निघा, म्हणजे दुपारच्या आत देऊळ नीट बघून होतं. रस्ता मला घरचाच वाटला, दोन्ही बाजूंना ऊस. उसाने लादलेल्या छोट्या रेल्वेच्या वाघिणी शेताच्या कडेनं जात होत्या. एका गावात थांबून रस प्यायलो. त्याला 'असब' म्हणतात. आलं-लिंबू घालत नाहीत, बर्फही बेताचाच, आणि पेला भरून फेस. तिथेच वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तची शमसी भाकरी मिळाली. शमसी म्हणजे सूर्याची. कणीक उन्हात ठेवून फुगवतात आणि मग भाजतात. जाड, आतून जाळीदार. बाकल्याच्या त्या 'फूल'बरोबर खाऊन बघा.

इथलं सेती पहिला या राजाचं देऊळ थंडगार आणि शांत होतं. उठावाचं काम इतकं नाजूक, की देवाच्या हातावरच्या कंकणाचे मणी मोजता येतात. पण मी आले होते ते देवळाबाहेरच्या वाळवंटासाठी. ओसिरिसची इथली यात्रा प्राचीन काळी फार मोठी. तिसऱ्या सेनुस्रेत राजाच्या इखेरनोफ्रेत नावाच्या अधिकाऱ्यानं या यात्रेची व्यवस्था पाहिली आणि ती शिळेवर कोरून ठेवली. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे वेपवावेत निघायचा, मागून देवाची नाव. माळावर उभं राहून हे सांगताना मला पालखीपुढचा अश्व आठवला, पताका आठवल्या. पुढे कुणीतरी वाट मोकळी करणारा असावा, मग मागच्यांची पावलं आपोआप पडतात.

जिथे ही यात्रा पोचायची त्या जागेला आज उम्म अल-काब म्हणतात, खापऱ्यांची आई. शतकानुशतकं भाविकांनी आणलेल्या मडक्यांच्या तुकड्यांनी वाळू लालसर झाली आहे. आम्ही ती लांबूनच पाहिली.

तेवढ्यात वाळवंटाच्या कडेनं एक कुत्रा धावत गेला. बारीक अंग, ताठ कान, लांब तोंड. हिरवं शेत संपतं आणि वाळू सुरू होते त्या रेषेवरून तो चालला होता, ना शेतात ना वाळूत. इजिप्तची अगदी जुनी थडगी नेमकी याच रेषेलगतची, वाळूतले उथळ खड्डे. रात्री कोल्हे यायचे, उकरायचे. अनुबिसचा उगम इथेच असावा, असं अभ्यासक मानतात. ज्याच्यापासून भीती, त्यालाच राखण दिली. ज्याला आपण कोल्हा म्हणत आलो, तो इथला प्राणी २०१५ मधल्या जनुकीय अभ्यासात लांडग्याच्या जवळचा निघाला. पण आमच्याकडे उसात जो राहतो तो कोल्हाच, आणि रात्री तो ओरडला की नाना उठून कंदील मोठा करायचे.

मला या सहलीत जे कळलं ते त्या रेषेपाशी कळलं. वाटाडे कुणी आकाशातून आणले नाहीत. ज्या माणसांना आपलं माणूस एकटं जाणं सोसेना, त्यांनी मरणाच्या आसपास जो रोज दिसत होता त्याच्याच हातात आपल्या माणसाचा हात दिला. वाळूच्या कडेला कोल्हा, नदीवर नावाडी, घाटावर कावळा. लेकीला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणून माझ्या गावात सगळे ओळखीचेच आहेत."

सहावा दिवस : पुन्हा नदी

संध्याकाळचं विमान होतं. सकाळी पश्चिम काठावरून शेवटचं परतायचं, म्हणून तोच नावाडी शोधला. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचं लक्झर दिसतच नव्हतं. त्यानं आम्हाला ओळखलं. होडीत घेण्याआधी तो काठाशी आडवा उभा राहिला आणि लेकीकडे बघून डोलकाठीकडे बोट केलं.

"सारी," लेक म्हणाली.

त्यानं सुकाणू दाखवलं. "दफ्फा." होडीच्या कडेवर हात मारला. "मर्किब." वल्हं उचललं, तेव्हा ती अडखळली, आणि त्यानंच हळूच म्हटलं, "वल्हं."

मग त्यानं काठ आणि होडी यांच्यामध्ये टाकलेल्या फळकुटावर पाय ठेवला आणि थांबला. ते नाव आम्ही त्या दिवशी विचारलंच नव्हतं. लेकीनं वही उघडली, पान शोधलं, ते तिथे नव्हतं. तिनं आमच्याकडे बघितलं.

"फळी," आई ठामपणे म्हणाली.

नावाडी तो शब्द मनाशी घोळवत क्षणभर उभा राहिला. मग बाजूला झाला, हात पुढे केला आणि आईला सगळ्यांत आधी आत घेतलं.